एचआयव्ही, मग लिम्फोमा आणि आता हिशोबात चुका: या तिन्हींचा एकमेकांशी संबंध असतो का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. महिनाभर लिहू की नको करत होते. भावाला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला, "नाव सोडून काय पण लिही."

धाकटा भाऊ, वय ४८. २०११ साली एचआयव्ही कळला तेव्हा सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) फक्त ६२ होते. सरकारी एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) सेंटरमधून गोळ्या सुरू झाल्या. २०१६ला त्या लागू पडेनाशा झाल्या म्हणून दुसऱ्या फळीच्या गोळ्या दिल्या, अजून त्याच चालू आहेत. २०२०मध्ये मानेत आणि काखेत गाठी आल्या. तपासणीत नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर निघाला. सहा केमो झाल्या, त्यातून तो उठला. तेव्हापासून स्कॅन स्वच्छ आहेत.

तो तासगावात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. बेदाण्याचा सौदा झाला की कॅल्क्युलेटर काढायच्या आत याचं तोंडी तयार. १४२ बॉक्स, पंधरा किलोचा बॉक्स, किलोला १८५, की हा म्हणणार तीन लाख चौऱ्याण्णव हजार पन्नास, आणि लगेच त्यातून हमाली-तोलाई वजा. गेल्या दिवाळीपासून हे बदललंय. एका शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) दोनदा केली. दुसऱ्याच्या पट्टीत एक शून्य कमी. घरी शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. बोलताना मध्येच थांबतो. पूर्वी बोलून बोलून डोकं उठवायचा, आता विचारल्याशिवाय बोलत नाही. तळपाय तर केमोपासूनच सुन्न आहेत.

दुकानाचे मालक म्हणतात वय झालं. वहिनी म्हणते केमोनं डोकं खाल्लं. शेजारचे मेडिकलवाले म्हणाले, "आजार मेंदूत चढला असेल." रक्तातला व्हायरल लोड (विषाणूचं प्रमाण) मात्र 'आढळला नाही' असाच येतो. मग मेंदूत चढणार कसा? एचआयव्हीतला कॅन्सर ज्याला झाला त्याला मेंदूचा आजार होण्याचा धोका जास्त असतो का? कुणाला अनुभव असेल तर सांगा. खरं सांगा, धीर द्यायला म्हणून काही लिहू नका.

वाटसरू
ताई, आधी त्याला सलाम. ६२ सीडीफोरवरून इथवर आलेला माणूस आहे. अनुभव नाही, पण धागा वाचतोय.

सावली४७
माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता, एचआयव्हीचा काही संबंध नव्हता. केमोनंतर दीड वर्ष ती गॅस बंद केला का हे तीन-तीनदा बघायची. डॉक्टर याला 'केमो ब्रेन' म्हणाले. हळूहळू कमी झालं. तुमच्या भावाचंही तेच असू शकतं, घाबरू नका.

पांढराकोट
सावली, इथे थोडा फरक आहे म्हणून लिहितो. केमोमुळे येणारं धुकं केमोच्या काळात किंवा लगेच नंतर येतं आणि बहुतेकांत ओसरत जातं. ताईंच्या भावाच्या केमोला बरीच वर्षं झाली. मधली वर्षं हिशोब नीट होता, आणि आता बिघडायला लागलाय. चांगला झालेला माणूस पुन्हा घसरायला लागला तर नवीन कारण शोधलंच पाहिजे.

मी फिजिशियन आहे, सात वर्षं एआरटी सेंटरला काम केलं. मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्या समजुतीप्रमाणे असं. लिम्फोमा झाला म्हणून मेंदूचा आजार होतो, असं सरळ कारण-परिणामाचं नातं नाही. दोन्हींचं मूळ एकच आहे: कधीतरी खूप खाली गेलेली प्रतिकारशक्ती, आणि विषाणू बेलगाम वाढत होता तो काळ.

आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात काही विषाणू लहानपणापासून मुक्कामाला असतात. एपस्टाइन-बार विषाणू पांढऱ्या पेशींत, जेसी विषाणू मूत्रपिंडात. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवीसुद्धा असाच वर्षानुवर्षं पडून राहतो. सीडीफोर पेशी म्हणजे यांच्यावरची राखण. राखण उठली की एपस्टाइन-बारच्या मदतीने लिम्फोमा होऊ शकतो, तो थेट मेंदूतही होतो. जेसी जागा झाला की मेंदूतल्या तारांवरचं वेष्टण खातो, त्याला पीएमएल म्हणतात. टोक्सो मेंदूत गळवं करतो. म्हणजे ज्याच्या अंगात कॅन्सरला दार उघडं होतं, त्याच्या मेंदूलाही तेच दार उघडं होतं.

दुसरा दुवा उपचारांचा. लिम्फोमाला केमोबरोबर रिटुक्सिमॅब देतात. ते बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काढून टाकतं आणि क्वचित पीएमएलला वाट देतं. औषधाच्या माहितीपत्रकात तसा ठळक इशारा असतो.

ताई, दोन गोष्टी सांगा. दुसऱ्या फळीच्या गोळ्यांत नेमकं काय आहे? आणि तो *विसरतो* की *हळू झालाय*?

मांजरप्रेमी
टोक्सो मांजरीपासून होतो ना? माझा नवरा पॉझिटिव्ह आहे, सीडीफोर ५०० च्या वर. घरात दोन मांजरं आहेत. आता वाचून हातपाय गार पडले. सोडून येऊ का त्यांना?

पांढराकोट
अजिबात नको. टोक्सो मांजराच्या विष्ठेतून पसरतो तसाच अर्धवट शिजलेल्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो. एचआयव्हीत दिसतो तो बहुतेक वेळा जुनाच संसर्ग, सीडीफोर १०० च्या खाली गेल्यावर पुन्हा उठलेला. ५०० वर काळजी नाही. मांजरांची घाण रोजच्या रोज काढा, ते काम तुम्ही करा, यजमानांना नको. मटण नीट शिजवा. एवढं पुरे.

मांजरप्रेमी
देवा! ते काम गेली नऊ वर्षं मीच करतेय. आता ह्यांना त्यातून कायमची सुटका मिळाली म्हणून स्वारी खूश आहे. धन्यवाद डॉक्टर.

कृष्णाकाठ
डॉक्टर, सेंटरचं हिरवं पुस्तक, ज्यात गोळ्यांची नोंद असते, ते काढून बघितलं. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि अटाझानाविर-रिटोनाविर.

विसरतो की हळू झालाय, हा प्रश्न वाचून मी थांबलेच. काल रात्री मुद्दाम त्याच्याशी बोलत बसले. २०१४ला गारपिटीत बेदाण्याचा दर काय होता ते त्यानं सांगितलं. आमच्या आत्याच्या लग्नातला मेनू सांगितला. पण प्रत्येक उत्तराच्या आधी एवढा वेळ, की मला वाटलं झोप लागली. विसरत नाही तो. आठवणीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतोय.

निळीछत्री
ताई, तुम्ही फार नेमकं सांगितलंत. मी काउन्सेलर आहे, एआरटी सेंटरलाच. एचआयव्हीमुळे मेंदूवर जो परिणाम होतो त्याचं रूप अल्झायमरपेक्षा वेगळं असतं. अल्झायमरचा माणूस सकाळचं विसरतो आणि आठवण करून दिली तरी त्याला आठवत नाही. एचआयव्हीत माणूस मंदावतो, लक्ष टिकत नाही, दोन कामं एकदम जमत नाहीत, हातांची कामं अवघड होतात. पण धागा हातात दिला की आठवतं.

आम्ही एक छोटी चाचणी घेतो, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. सुरुवातीला चार शब्द सांगायचे. मग अंगठा आणि तर्जनी जितकी उघडून मिटता येतील तितकी पाच सेकंद मिटायची. मग टेबलावर मूठ, तळवा, हाताची कड, पुन्हा मूठ, तळवा, कड, हा क्रम दहा सेकंदांत चार वेळा. शेवटी ते चार शब्द विचारायचे. एकूण गुण १२. दहा किंवा कमी आले तर पुढची तपासणी हवी. ही चाचणी आजार ओळखत नाही, 'इथे बघा' एवढंच सांगते. घरी करून निष्कर्ष काढू नका, पण सेंटरला गेल्यावर मागून घ्या. गर्दीत कुणी आपणहून करेलच असं नाही.

रानवारा
माझं मत थोडं वेगळं आहे. माणसाला एचआयव्ही, मग कॅन्सर, मग नोकरीची भीती. अशा माणसाचं डोकं सुन्न होणारच. त्याला कुणी नैराश्याबद्दल विचारलं का? सगळ्यात आधी एमआरआयच्या मागे लागणं मला पटत नाही. माझा मित्र असाच 'मंद' झाला होता. नैराश्यावरची गोळी सुरू केली आणि सहा आठवड्यांत माणूस परत आला.

पांढराकोट
रानवारा, मुद्दा योग्य आहे. नैराश्य, बी-१२ची कमतरता, थायरॉइड, सिफिलिस, दारू, झोप, हे सगळं तपासायचंच. पण एकानंतर एक नाही, बरोबरीनं. बी-१२ कमी निघालं म्हणून तिथेच थांबायचं नाही. आपल्याकडे शाकाहारी माणसांत ते बऱ्याचदा कमीच असतं आणि खरं कारण त्याच्याआड लपून राहतं.

पारिजात
एमआरआयला उशीर करू नका हे मी कळकळीनं सांगते. २०१५मध्ये माझ्या मामांना फिट आली. तोवर एचआयव्ही माहीतच नव्हता. सीटीमध्ये मेंदूत एक मोठी गाठ आणि भोवती सूज. जिथे दाखल केलं तिथे सूज कमी व्हावी म्हणून आधी स्टेरॉइड सुरू केलं. चार दिवसांत मामा उठून बसले, पेज प्यायले, आम्हाला वाटलं जिंकलो. मग बायोप्सी केली, त्यात काहीच सापडलं नाही. दोन महिन्यांनी गाठ पुन्हा मोठी झाली, तेव्हा कळलं की तो मेंदूतला लिम्फोमा होता आणि स्टेरॉइडनं तात्पुरता विरघळला होता. तोवर मामांना ओळख राहिली नव्हती.

मला कुणाला दोष द्यायचा नाहीये. पण हे दुसऱ्या घरात होऊ नये.

पांढराकोट
पारिजात, वाईट वाटलं वाचून. तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. जीवावर बेतलेली सूज असेल तर स्टेरॉइड द्यावंच लागतं. पण लिम्फोमाची शंका असेल आणि थांबता येत असेल तर बायोप्सी आधी.

एचआयव्ही असलेल्या माणसाच्या मेंदूत गाठ दिसली की आपल्याकडे तीन नावं मनात येतात: टीबीची गाठ, टोक्सो आणि लिम्फोमा. टोक्सोत बहुधा अनेक लहान गळवं, आत खोलवर. लिम्फोमात बऱ्याचदा एकच मोठी, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीलगत. पण चित्रावरून खात्री देता येत नाही. म्हणून रक्तात टोक्सोच्या खुणा असतील तर दोन आठवडे त्याचे उपचार करून पुन्हा स्कॅन करतात. गाठ लहान झाली तर टोक्सो. नाही झाली तर पाठीतलं पाणी (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं, कण्यात सुई घालून काढलेलं) तपासणं आणि बायोप्सी. एचआयव्हीतल्या मेंदूच्या लिम्फोमात जवळजवळ प्रत्येक वेळी एपस्टाइन-बार असतो, त्यामुळे पाठीच्या पाण्यात त्याचा डीएनए शोधतात. हा लिम्फोमा बहुतेक वेळा सीडीफोर ५० च्या खाली असताना होतो. वेळेवर एआरटी सुरू होऊ लागल्यापासून तो फार कमी झालाय.

सह्याद्रीचा
एक बाळबोध प्रश्न. एचआयव्हीची गोळी आणि केमो एकत्र घेतली तर शरीर झेपणार कसं? माझ्या ओळखीत एकानं केमो संपेपर्यंत एचआयव्हीच्या गोळ्या बंद ठेवल्या होत्या.

निळीछत्री
नाही नाही नाही. दादा, हे कुणालाच सांगू नका. एआरटी थांबली की विषाणू काही आठवड्यांत उसळतो, त्यात केमोनं पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या. त्यापेक्षा वाईट वेळ नाही. एआरटी चालूच ठेवायची, लागलं तर गोळी *बदलायची*.

आणि बदलायची का, तर रिटोनाविर. ते यकृतात औषधं मोडण्याचं काम मंदावतं. लिम्फोमाच्या केमोत विनक्रिस्टिन असतं, ते मग अंगात साठतं आणि नसांना इजा करतं. कृष्णाकाठ ताई, भावाचे तळपाय केमोपासून सुन्न आहेत म्हणालात. केमो देणाऱ्या डॉक्टरांना त्याच्या एआरटीच्या गोळ्यांची नावं माहीत होती का?

कृष्णाकाठ
नाही. (हे लिहिताना हात जड झालाय.) एचआयव्ही आहे एवढं त्यांना माहीत होतं, रिपोर्टवर होतं. कुठल्या गोळ्या ते कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. तो गोळ्या रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवायचा आणि वॉर्डातल्या बाथरूममध्ये जाऊन घ्यायचा. शेजारच्या खाटेवर आमच्याच गावचा माणूस होता.

गोंयचो
ताई, स्वतःला लावून घेऊ नका. ही भीती उगाच आलेली नाही. आमच्या गोव्यात १९८९ साली डॉमनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी धरून नेलं. का, तर त्यानं दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला. तेव्हाच्या कायद्यानं म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस कोंडून ठेवलं. आईनं कोर्टात धाव घेतली. बाहेर आल्यावर त्यानं पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली आणि १९९२मध्ये तो गेला. माझे वडील त्याच्यासाठी निघालेल्या मोर्चात चालले होते. त्या काळातून आलेल्या आपल्या लोकांनी गोळ्या रुमालात गुंडाळल्या तर त्यात नवल काय?

चंद्रमौळी
पण आता कायदा आहे ना. २०१७चा एचआयव्ही कायदा, १० सप्टेंबर २०१८पासून लागू. तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती कुणाला सांगता येत नाही, उपचार नाकारता येत नाहीत. मग लपवायचं कशाला? मोकळेपणानं सांगा.

पारिजात
चंद्रमौळी, कायदा पुस्तकात आहे, आणि खाट गावच्या माणसाच्या शेजारी आहे. दोन्ही खरं आहे.

निळीछत्री
दोघांचंही बरोबर आहे. मी माझ्या लोकांना इतकंच सांगते: गावाला सांगायची गरज नाही, नातेवाइकांनाही नाही. पण जो डॉक्टर औषध लिहिणार आहे त्याला हिरवं पुस्तक दाखवा, एकांतात दाखवा. कॅन्सरचा असो, फिटचा असो, दातांचा असो. फिटसाठीच्या काही जुन्या गोळ्या, उदाहरणार्थ फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन, डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण खाली आणतात. टीबीचं रिफॅम्पिसिनही तसंच, म्हणून त्याच्यासोबत डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा देतात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीचं औषध हेसुद्धा त्याच्यापासून काही तास दूर ठेवावं लागतं. एक गोळी न सांगितल्यानं दुसरी वाया जाते.

मदत हवी असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

आभाळमाया
सगळे पुरुषांबद्दल बोलताय म्हणून मध्येच शिरते. एचआयव्ही असलेल्या बायकांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. त्याच्यामागे एचपीव्ही विषाणू. १९९३पासून हा कॅन्सर एड्सच्या व्याख्येतच धरतात. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. माझ्या नवऱ्याच्या लिम्फोमाच्या धावपळीत चार वर्षं माझी तपासणी राहिली. शेवटी सेंटरच्या ताईंनी हाताला धरून नेलं. डाग निघाला, थंड उपचारानं गोठवून काढला, वीस मिनिटांत घरी. कॅन्सर व्हायच्या आधीच सापडला.

आपल्याच धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी गावोगाव फिरून सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला होता. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झाली तरी या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. २००९मध्ये ते जगभर छापून आलं. ही आपल्या भागातल्या बायकांनी जगाला दिलेली माहिती आहे, आणि आपणच तपासणी टाळतो. जागतिक आरोग्य संघटना एचआयव्ही असलेल्या बाईनं पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी तपासावं असं सांगते. धागा भावाचा आहे हे मान्य, पण ताई, वहिनींची तपासणी झालीय का?

कृष्णाकाठ
आभाळमाया, वहिनी निगेटिव्ह आहे, दर सहा महिन्यांनी तपासतो. पण तिनंही ही तपासणी कधी केलेली नाही, आणि मीसुद्धा नाही. दोघी जाऊ.

टोरांटोकर
विषयाला धरून एक आठवण. एचआयव्हीतून पूर्ण बरा झालेला जगातला पहिला माणूस, टिमथी रे ब्राउन, 'बर्लिनचा रुग्ण'. त्याच्या गोष्टीत कॅन्सर, एचआयव्ही आणि मेंदू तिन्ही आहेत. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला म्हणून २००७मध्ये मूळपेशींचं प्रत्यारोपण केलं. ज्या दात्याच्या पेशींना एचआयव्ही चिकटूच शकत नाही असाच दाता डॉक्टरांनी मुद्दाम शोधला होता. कॅन्सर उलटला, २००८मध्ये दुसरं प्रत्यारोपण झालं, आणि त्यानंतर तो भ्रमात गेला, दिसेनासं झालं, चालता येईना. मेंदूची बायोप्सी करावी लागली. पुन्हा चालायला, बोलायला शिकावं लागलं. एचआयव्ही परत आला नाही. २०२०मध्ये तो गेला, तो कॅन्सर परतल्यामुळे.

लोक फक्त 'बरा झाला' एवढंच सांगतात. पुन्हा चालायला शिकण्याची ती वर्षं कुणी सांगत नाही.

वाटसरू
हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

रानवारा
एक अडाणी शंका. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं आणि उत्तर राहिलं. रक्तात विषाणू 'आढळला नाही', तर मेंदूत कसा असेल?

पांढराकोट
अडाणी कसली, हाच तर कळीचा प्रश्न आहे.

लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू मेंदूत पोचतो. तो चेतापेशीत शिरत नाही. रक्तातल्या ज्या भक्षक पेशी मेंदूत ये-जा करतात त्यांच्या पोटात बसून जातो आणि मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशींत घर करतो. त्या पेशी सतत पेटलेल्या राहतात आणि त्यांच्या धगीनं शेजारच्या चेतापेशी होरपळतात.

मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक गाळणी असते. सगळीच औषधं तिच्यातून सारखी पार होत नाहीत. काही लोकांत रक्त स्वच्छ असतं, पण मेंदूभोवतीच्या पाण्यात विषाणू वाढत असतो, कधी कधी औषधाला दाद न देणारा. अटाझानाविर-रिटोनाविरसारख्या गोळ्यांवर बरीच वर्षं असलेल्यांत असे रुग्ण पश्चिम भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. म्हणून मी गोळ्यांची नावं विचारली होती.

ताई, तुमच्या भावाचं असंच आहे असं मी म्हणत नाही. इथून कुणालाच सांगता येणार नाही. पण एमआरआय आणि पाठीच्या पाण्याची तपासणी त्याला हवीच. त्या पाण्यात टीबी, क्रिप्टोकॉकस बुरशी, जेसी, एपस्टाइन-बार, लिम्फोमाच्या पेशी आणि सोबत एचआयव्हीचा व्हायरल लोड, हे सगळं सांगून करून घ्या. शेवटचं सांगितल्याशिवाय होत नाही.

चंद्रमौळी
पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो असं आमच्याकडे म्हणतात.

पांढराकोट
सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू नसतो, तो वरच संपलेला असतो. खाली नुसते चेतांचे धागे पाण्यात तरंगत असतात. एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं. आधी स्कॅन करून मेंदूत दाब नाही ना हे बघून घेतात. या भीतीपायी मेंदूज्वराचं निदान लांबलेले खूप रुग्ण मी पाहिलेत.

आभाळमाया
माझ्या नवऱ्याचं तीनदा काढलं. तिसऱ्या वेळी तो डॉक्टरांना म्हणाला, "आता एवढं पाणी नेलंत, एक टँकर तरी परत पाठवा." अख्खा वॉर्ड हसला होता.

कृष्णाकाठ
मंडळी, सात आठवड्यांनी येतेय. ज्यांनी ज्यांनी वैयक्तिक निरोप पाठवून चौकशी केली त्यांना उत्तर देता आलं नाही, माफ करा.

निळीछत्रींनी सांगितलेली चाचणी सेंटरला मागून घेतली. १२ पैकी ८. मूठ-तळवा-कड दोनदा झालं आणि तिसऱ्याला त्यानं हात टेबलावर तसाच ठेवला. माझ्याकडे बघितलं. चार शब्दांतले दोन आठवले.

बी-१२ कमी निघालं, थोडंसंच. डॉक्टर, तुमचं वाक्य आठवलं आणि तिथे थांबलो नाही. एमआरआयमध्ये गाठ नाही, मेंदूच्या पांढऱ्या भागात दोन्ही बाजूंना सारखी धूसर छटा. पाठीच्या पाण्यात टीबी नाही, बुरशी नाही, जेसी नाही, एपस्टाइन-बार नाही, लिम्फोमाच्या पेशी नाहीत. आणि व्हायरल लोडसाठी नमुना पुण्याला पाठवावा लागला, तो रिपोर्ट यायला बारा दिवस लागले. रक्तात 'आढळला नाही', त्याच दिवशी काढलेल्या पाठीच्या पाण्यात चार हजारांवर.

सेंटरच्या डॉक्टरांनी राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे केस पाठवली. गोळ्या बदलून आल्या, त्यात आता डोल्युटेग्राविर आहे. कॅल्शियमची गोळी वहिनीनं रात्रीवर ढकलली.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला आता असं समजतंय. कॅन्सरनं त्याचा मेंदू बिघडवला नाही. पण २०११ला आम्ही जेवढ्या उशिरा पोचलो त्याची किंमत दोन्ही ठिकाणी द्यावी लागली. त्याला ताप यायचा, वजन उतरत होतं, आणि आम्ही दोन वर्षं देवऋषी करत होतो. हे मी कुणाला कधी बोलले नव्हते.

निळीछत्री
ताई, तेव्हा नियमच असे होते की सीडीफोर ठरावीक आकड्याखाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नव्हत्या. स्टार्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, ३५ देशांत ४,६८५ लोकांवर. सीडीफोर चांगले असतानाच लगेच गोळ्या सुरू केल्या तर गंभीर आजार आणि मृत्यू मिळून ५७ टक्क्यांनी कमी होतात हे २०१५मध्ये दिसलं, कॅन्सरही कमी झाले. त्यानंतर २०१७पासून आपल्याकडे पॉझिटिव्ह आला की लगेच उपचार. तुमच्या भावाच्या वेळी हे नव्हतं. तुम्ही पोचलात हेच खूप आहे.

पारिजात
रिपोर्टमध्ये गाठ नाही हे वाचून रडू आलं. बरं वाटून.

सावली४७
मी 'घाबरू नका, केमोचंच असेल' लिहिलं होतं. तुम्ही माझं ऐकून थांबला नाहीत याचा मला आनंद आहे.

पांढराकोट
ताई, चार-सहा महिन्यांनी पाठीचं पाणी पुन्हा तपासायला सांगतील, त्याला नाही म्हणू नका. सुधारणा हळू होते. काही भाग परत येतो, काही राहतोही. तळपायांचा सुन्नपणा त्या विनक्रिस्टिनचा असेल तर तो पूर्ण जाईलच असं नाही, पायांना जखम होऊ देऊ नका, घरातही चप्पल असू द्या.

रानवारा
दुकानाचं काय झालं? नोकरी आहे ना?

कृष्णाकाठ
आहे. मालकांना आजाराचं नाव सांगितलं नाही, मेंदूला सूज आहे, उपचार चालू आहेत एवढंच सांगितलं. त्यांनी पट्टी करायचं काम दुसऱ्या मुलाकडे दिलं आणि याला सौद्याच्या वेळी माल बघायला बसवतात. बॉक्समधून मूठभर बेदाणा ताटात ओतला की रंग, गोडी, देठ बघून हा अजूनही दर बरोबर सांगतो. बोलायला वेळ लागतो, पण शेतकरी थांबतात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तर सांगितलं, "दिवाणजी बोलंपर्यंत माझा बॉक्स उचलायचा न्हाई."

रोज रात्री मी फोनवर त्याला चार शब्द देते, तो सकाळी परत देतो. निळीछत्री म्हणाल्या होत्या की याला उपचार म्हणता येणार नाही, पण आम्हा दोघांना त्याची सवय लागलीय. काल दिले होते ताक, खिडकी, बैल, घमेलं. आज सकाळी सातला तीन सांगितले आणि फोन ठेवला. दुपारी दीडला, सौदा चालू असताना मेसेज आला. नुसतं एक अक्षरी-दोन अक्षरी नाही, पूर्ण, नीट टाइप केलेलं:

"घमेलं."